एमआयडीसीलगतच्या वस्तीत कुटुंबासह भाड्याने राहावे का?

आपण विचारलेल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. आपण लातूर जिल्ह्यातून भोसरी एमआयडीसीतील एका यंत्रभागांच्या कारखान्यात लागला आहात, ईएसआय (कामगार राज्य विमा) आणि फंड कापून हातात साडेअठरा हजार रुपये पडतात, पाळ्या फिरत्या आहेत, आणि दिवाळीनंतर पत्नी, सातवीतील मुलगी, दुसरीतील मुलगा व आई यांना इकडे आणण्याचा आपला विचार आहे. कारखान्यापासून पायी जाता येईल अशा अंतरावर, बालाजीनगरच्या बाजूला, पत्र्याच्या दोन खोल्या साडेसहा हजार रुपये भाड्याने आणि वीस हजार डिपॉझिटवर मिळत आहेत. मोशीत वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) आहे, पण तिथे दहा हजार भाडे आणि चाळीस हजार डिपॉझिट मागतात. कारखान्यातले सहकारी म्हणतात, ती वस्ती बेकार आहे, तिथे बायकामुले आणू नका. गावाकडची मंडळी म्हणतात, चार पैसे वाचवा. कोणाचे ऐकावे, हे आपण विचारले आहे.

भोसरी, चिखली, मोशी, दिघी या पट्ट्यात खोल्या दाखवणे आणि भाडेकराराची नोंदणी करून देणे हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय आहे. आमची दलाली साधारण एका महिन्याच्या भाड्याएवढी असते, म्हणजे भाडे जितके जास्त तितका एजंटचा फायदा; हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे वाचताना ते आपल्या हिशेबात राहील.

वस्ती चांगली की वाईट, या प्रश्नाला मी सहसा उत्तर देत नाही, कारण एकाच वस्तीत एका गल्लीतल्या बायका रात्री अकराला दारात बसून लसूण सोलताना दिसतात आणि दोन गल्ल्या सोडून पुढे संध्याकाळी सातनंतर कोणी मुलांना बाहेर सोडत नाही. आपली खरी अडचण मला वेगळी दिसते. आपली दुसरी किंवा तिसरी पाळी असेल तेव्हा शहराला नवख्या असलेल्या दोन बायका आणि दोन मुले आठ-नऊ तास घरात एकटी असतील. त्या वेळेत पाणी आले तर ते कोण भरेल, रात्री दार वाजले तर हाक कोणाला मारायची, आईला शौचाला जायचे झाले तर तिच्याबरोबर कोण जाईल, मुलगी शिकवणीहून कोणत्या रस्त्याने परतेल, या प्रश्नांची उत्तरे ज्या खोलीत मिळतात ती खोली घ्यावी, मग तिचा पत्ता ऐकून सहकारी नाक मुरडोत. त्यामुळे मी गिऱ्हाईक कुटुंबवाले असेल तर आधी गल्ली पाहतो, मग घरमालक, आणि खोली सगळ्यांत शेवटी.

काही गोष्टी मला इथे बसून सांगता येणार नाहीत. आपल्या पाळ्या आठवड्याने बदलतात की महिन्याने, आईची तब्येत कशी आहे, पत्नीचा पुढे काही काम करण्याचा विचार आहे का, आणि आपली नोकरी कायम आहे की कंत्राटी, यांवर उत्तर बरेच बदलते. कंत्राटी असाल तर मोठे डिपॉझिट कुठेही अडकवू नये, एवढे मात्र कोणत्याही परिस्थितीत खरे आहे.

गल्ली पाहायला कधी जावे, ते आधी सांगतो. एजंट आणि मालक खोली सकाळी दहा-अकराला दाखवतात, आणि त्या वेळी जगातली कोणतीही गल्ली शांतच असते. भोसरी एमआयडीसीतल्या बहुतेक लहान कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे इथली शनिवारची रात्र म्हणजे बुधवारची रात्र. पगार साधारण सात ते दहा तारखेच्या दरम्यान होतात. म्हणून त्या सुमारास येणाऱ्या बुधवारी रात्री साडेदहाच्या पुढे, हातात काही न घेता, त्या गल्लीतून एक चक्कर मारावी. किराणा दुकान उघडे आहे का, दारात बायका आहेत का, कट्ट्यावर बसलेली मुले वाटसरूला रस्ता देतात की अडवून उभी राहतात, हे पाहावे. बाहेर लावलेल्या दुचाकींच्या सीट फाडलेल्या किंवा रिक्षा-टेम्पोच्या काचा फुटलेल्या दिसल्या तर जवळच्या टपरीवर चहा घेत विचारावे की हे कधीचे आहे. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये रात्री कोयते फिरवत गाड्या फोडण्याचे प्रकार गेल्या काही वर्षांत वारंवार झाले आहेत, त्यामुळे लोक या प्रश्नाला चटकन आणि खरे उत्तर देतात. चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्सही वाचावेत. मंडळाच्या कार्यकर्त्यांचे फ्लेक्स सगळीकडे असतात, त्यात काही विशेष नाही. पण मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या नावापुढे ‘भाई’ लागलेले फ्लेक्स एकाच कोपऱ्यावर दाटीने दिसले, तर तो कोपरा आपल्या मुलीच्या शाळेच्या वाटेवर येतो का, एवढे पाहून घ्यावे.

दुसरी चक्कर पाण्याच्या दिवशी पहाटे मारावी. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येते, आणि प्रत्येक भागाची वेळ वेगळी असते. पत्र्याच्या चाळीत बहुधा एका नळावर पाच-सहा कुटुंबे असतात, ज्याची टिल्लू मोटर जोरकस त्याचे पिंप आधी भरते, आणि भांडणे तिथूनच सुरू होतात. आपण पहिल्या पाळीला गेलात आणि पाणी सकाळी सातला आले, तर ती रांग आपल्या पत्नीला आणि आईला सांभाळावी लागेल. मालकाने वर टाकी बसवली असेल आणि प्रत्येक खोलीत नळ दिला असेल, तर त्या खोलीसाठी महिन्याला दोन-तीनशे रुपये जास्त मोजायला हरकत नाही. वस्तीत राहणाऱ्या बायकांना विचारून पाहा, त्या चोरांच्या आधी पाण्याचे नाव घेतील.

आता संडासाबद्दल, आणि यात मी कोणतीही सूट देत नाही. शौचालय खोलीत किंवा निदान त्याच इमारतीत, कडी लागणाऱ्या दाराच्या आत असले पाहिजे. सार्वजनिक शौचालयासाठी गल्ली ओलांडावी लागत असेल तर बारा-तेरा वर्षांची मुलगी आणि वयस्क आई असलेल्या कुटुंबाने ती खोली घेऊ नये, भाडे कितीही कमी असो. रात्री दिवा बंद असतो, पाणी नसते, पावसाळ्यात वाट निसरडी असते. मग घरातल्या बायका संध्याकाळनंतर पाणी पिणेच सोडतात आणि पुढे दवाखान्याची वाट धरतात. आपण पाहिलेल्या दोन खोल्यांबाबत आपण हे लिहिलेले नाही. हे एकच उत्तर नकारार्थी आले तरी पुढचे काही तपासण्याची गरज नाही.

खोली पाहताना जिन्याखालचा मीटरचा बोर्ड अवश्य पाहावा. महावितरणचा एकच मीटर आणि त्याच्याखाली लाकडी फळीवर सहा-आठ लहान सबमीटर, त्यांवर खडूने लिहिलेले खोलीचे नंबर, हे दृश्य इथे सर्रास दिसते. यात तोटा असा की घरगुती वीजदर टप्प्यांनी वाढतो: पहिल्या शंभर युनिटांना सर्वांत कमी दर, मग तीनशेपर्यंत वेगळा, मग पाचशेपर्यंत, आणि पुढे सर्वांत जास्त. आठ कुटुंबांचा वापर एकाच मीटरवर नोंदला गेला की सगळे मिळून वरच्या टप्प्यात जातात, आणि मालक तो दर सरसकट प्रत्येकाकडून वसूल करतो. एकट्याचा वापर ऐंशी युनिटांचा असूनही दर मात्र चारशे-पाचशे युनिटवाल्याचा पडतो. स्वतंत्र मीटर असलेली खोली दोन-तीनशेने महाग दिसली तरी उन्हाळ्यात हिशेब बरोबरीला येतो. सबमीटरच असेल तर युनिटचा दर ठरवून करारात लिहून घ्यावा आणि राहायला जाण्याच्या दिवशी आकड्याचा फोटो काढून मालकाला पाठवावा. त्या फळीवरच्या वायरी काळ्या पडलेल्या असतील, तर मात्र दराची बोलणी करत बसू नये, सरळ पुढची खोली पाहावी.

पत्र्याविषयी थोडेच सांगतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन ते पाच तिथे बसवत नाही, आणि तिसरी पाळी करून आलेल्या माणसाला नेमके तेव्हाच झोपायचे असते. झोप न झालेला माणूस प्रेसवर किंवा लेथवर उभा राहिला की काय होते, ते आपल्या कारखान्यातल्या जुन्या कामगारांच्या बोटांकडे पाहून कळेल. छताखाली फळ्यांचा माळा किंवा थर्माकोलचे आच्छादन असेल तर बराच फरक पडतो.

घरमालकाच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न असतो तो मालक त्याच इमारतीत राहतो का, हा. राहत असेल तर रात्री दहानंतर पाहुणे नकोत, पाणी जपून वापरा, अशी कटकट होते, हे खरे आहे. पण त्याच्याच सुना-नातवंडे त्या जिन्याने ये-जा करत असल्यामुळे खालच्या खोलीत दारूचा अड्डा बसत नाही, आणि मुख्य दाराला रात्री कुलूप लागते. तुमच्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तुम्ही साडेबारा-एकला घरी याल, तेव्हा त्या कुलपाची एक किल्ली तुमच्याकडे राहील, हे आधीच बोलून घ्यावे. दुसऱ्या गावी राहून फक्त भाडे न्यायला येणारा आणि मधे ‘केअरटेकर’ म्हणून गल्लीतला एखादा तरुण ठेवणारा मालक असेल, तर कुटुंबासाठी मी ती खोली टाळतो.

मालक बहुधा आडनाव विचारील, गाव विचारील, आणि त्यावरून जातधर्माचा अंदाज बांधील. हे अयोग्य आहे, पण घडते. पहिल्याच भेटीत आडनाव ऐकून भाडे वाढवणारा किंवा ‘मुलाशी बोलून सांगतो’ म्हणणारा मालक पुढेही सुखाने राहू देत नाही, असा माझा अनुभव आहे, म्हणून तिथे विनवण्या करण्यात वेळ घालवू नये. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि तेव्हापासून लातूर, बीड, सोलापूर, जळगाव, नगरकडची माणसे इथे येऊन राहत आली आहेत. त्यांतल्या पुष्कळांनी गुंठा-दोन गुंठे घेऊन घरे बांधली आणि आता तेच मालक झाले आहेत. आपल्या तालुक्याकडचा मालक भोसरीत सापडणे अजिबात अवघड नाही. गाववाल्याच्या शेजारी राहण्यात मोठा आधार असतो. उसनवारी मात्र पहिल्या वर्षी त्याच्याशीच टाळावी.

बांधकाम अधिकृत आहे का, हा प्रश्न भाडेकरू सहसा विचारत नाही, तरी तो विचारावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखलीतील कुदळवाडी भागात भंगाराची गोदामे, वर्कशॉप आणि शेड यांवर मोठी कारवाई केली, आणि ज्यांचा तिथे केवळ भाड्याचा संबंध होता त्यांनाही सामान उचलावे लागले. अनधिकृत घर पाडले जाते तेव्हा मालकाची जमीन तरी उरते. भाडेकरूचे डिपॉझिट कुठे गेले हे कोणी विचारत नाही. तळवडे, रुपीनगर, दिघीच्या काही भागांत संरक्षण खात्याच्या ‘रेड झोन’ची, म्हणजे बांधकामाला बंदी असलेल्या पट्ट्याची, अडचण आहे आणि तिथे भाडी त्यामुळे थोडी कमीही असतात. भाड्याने राहणाऱ्याने अशा भागांवर सरसकट फुली मारावी असे मी म्हणत नाही, कारण मग या पट्ट्यात राहायला जागाच उरणार नाही. मालमत्ता कराची पावती आणि वीजबिल मालकाच्या नावावर आहे का, भिंतीवर महापालिकेची नोटीस चिकटवलेली आहे का, एवढे पाहावे, आणि अशा ठिकाणी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त देऊ नये. वीस हजार म्हणजे आपल्या बाबतीत तीन महिन्यांहून थोडे जास्त होते. तेरा हजारांवर बोलणी सुरू करावीत.

करारावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे माझा रोजचा संबंध येतो आणि गैरसमजही सर्वांत जास्त आहेत. मालक म्हणेल, ‘अकरा महिन्यांचा आहे, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करू, नोंदणीची गरज नाही.’ एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, या सर्वसाधारण कायद्यातल्या तरतुदीवरून हा समज पसरला. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ आहे. त्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी नुसती राहण्याची परवानगी देणारा, करार लेखी असला पाहिजे आणि नोंदणीकृत असला पाहिजे, मग मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे, ती न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि करार नोंदवलेला नसताना वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. हे शेवटचे वाक्य मालकाला शांतपणे सांगितले की पुष्कळदा तो स्वतःच नोंदणीला तयार होतो.

खर्चही लोकांना वाटतो तेवढा नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचे वर्षाला दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असते. साडेसहा हजार भाडे आणि वीस हजार डिपॉझिटवर अकरा महिन्यांसाठी ते सुमारे दोनशे रुपये होते. शहरी हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये, शिवाय थोडे हाताळणी शुल्क, आणि घरी येऊन आधारवरून अंगठे घेणाऱ्याची मजुरी. हा खर्च निम्मा निम्मा वाटून घेण्याची इथे पद्धत आहे. या कागदाचा आपल्याला उपयोग मालकाशी भांडण्यासाठी क्वचितच होईल. गॅसचा पत्ता बदलणे, बँकेत पत्ता देणे, मुलांच्या शाळेत रहिवासाचा पुरावा जोडणे, यासाठी तो वर्षभर लागेल. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणे हेही मालकाचे काम आहे, पण ते झाले की नाही याची खात्री आपण स्वतः करावी, म्हणजे पुढे गल्लीत काही घडले आणि पोलीस चौकशीला आले तर आपली नोंद आधीपासून असेल. भाडे स्वतःच्या खात्यातून यूपीआयने द्यावे आणि रकमेसोबत महिना लिहावा. काही मालक रोखीचाच आग्रह धरतात. मग पावती घ्यावी, पावती देणे कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे. भाड्याच्या वादात वीज किंवा पाणी तोडण्याचा अधिकारही मालकाला नाही.

कराराच्या दुसऱ्या बाजूची माहितीही असू द्यावी. मुदत संपली की खोली सोडावीच लागते. लायसन्सवर राहणाऱ्याला ‘पागडी’सारखा कायमचा हक्क कधीच मिळत नाही, आणि मुदतीनंतर अडून राहिल्यास दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई देण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे.

मुलांच्या शाळेसाठी दिवाळीनंतरची वेळ अडचणीची नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते आठवीच्या मुलाला वर्षाच्या मधे प्रवेश नाकारता येत नाही, आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तरीही गावच्या शाळेतून दाखला, गुणपत्रक आणि आधारच्या प्रती घेऊनच निघावे, कारण ऑनलाइन नोंद नव्या शाळेकडे वर्ग होईपर्यंत मुख्याध्यापकांकडे खेपा आपल्यालाच घालाव्या लागतात. महापालिकेची शाळा नक्की करताना इमारत पाहू नये, रस्ता पाहावा. ट्रेलर वळतात अशा एमआयडीसीच्या चौकातून दुसरीतल्या मुलाला ओलांडावे लागत असेल, तर थोडी लांबची पण वस्तीच्या आतल्या रस्त्याने जाता येणारी शाळा बरी. आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: आपली सुट्टी गुरुवारी आणि मुलांची रविवारी, म्हणजे पूर्ण दिवस घरात सगळे एकत्र असा वार आठवड्यात येणारच नाही. मुलगा नववी-दहावीत गेला की हे जास्त जाणवते. वस्तीतली पोरे ज्या वयात बिघडतात, व्हाइटनर हुंगायला किंवा गोळ्या घ्यायला लागतात, त्या वयात बाप बहुधा पाळीवर असतो. आपला मुलगा लहान आहे, त्यामुळे हाताशी काही वर्षे आहेत. मुलीच्या शिकवणीची वेळ मात्र आतापासूनच दिवसाउजेडी ठेवावी.

रेशनकार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य गटातले असेल तर ते इकडे बदलून घेण्याची घाई करू नये. अंगठा देऊन इथल्या दुकानातूनही धान्य घेता येते, आणि कुटुंबातले काही जण गावी असतील तर त्यांचा वाटा तिकडे व उरलेला इकडे असेही उचलता येते. ई-केवायसी सर्वांची झालेली असावी. गॅसची जोडणी गावाकडून येईपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. रस्त्यावर मोठ्या टाकीतून छोटी टाकी भरून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नये. ईएसआय कापला जात असल्यामुळे पत्नी, मुले आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या आईची नावे कार्डावर चढवून घ्यावीत, म्हणजे चिंचवडच्या मोहननगरमधील ईएसआय रुग्णालयात त्यांनाही उपचार मिळतील. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, ज्याला इथे सगळे वायसीएम म्हणतात, ते तर आहेच.

गल्लीतल्या ‘दादा’ मंडळींशी कसे वागावे, हे आपण विचारलेले नाही, पण सहकाऱ्यांच्या बोलण्यात तीच भीती दिसते. आल्यावर पहिल्या महिन्यात कोणत्या तरी मंडळाची पोरे वर्गणीला येतील. शंभर-दोनशे रुपये द्यावेत, पावती मागावी, नाव-गाव-कारखाना सांगावा. ती इथली ओळखपरेड असते, तिला खंडणी समजून वाद घालू नये. व्याजाने पैसे त्यांच्यापैकी कोणाकडूनही घेऊ नयेत, अगदी दवाखान्याची अडचण असली तरी. कारखान्यातली उचल किंवा गाववाल्यांची भिशी परवडते. दुचाकी बाहेर ठेवायची झाल्यास मालकाच्या दाराच्या आत लावण्याची परवानगी घ्यावी. भोसरी पोलीस ठाणे आणि एमआयडीसी भोसरी पोलीस ठाणे ही दोन वेगळी ठाणी आहेत. आपली गल्ली कोणाच्या हद्दीत येते आणि जवळची चौकी कुठे आहे, हे पत्नीलाही माहीत असावे. ११२ हा क्रमांक तर तिच्या फोनवर पहिल्याच दिवशी साठवावा.

आता आपल्या दोन पर्यायांचा हिशेब. भाडे, वीज आणि कामावर जाण्या-येण्याचा खर्च मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या चाळीस टक्क्यांपुढे जाऊ नये, असा माझा ठोकताळा आहे. आपल्या बाबतीत ही मर्यादा सात हजार चारशे रुपये होते. पत्र्याच्या खोल्या साडेसहा हजार आणि वीज सातशे धरली तर सात हजार दोनशेत बसतात. मोशीत दहा हजार भाडे, पाचशे वीज आणि दीड हजार पेट्रोल धरले तर बारा हजार होतात, आणि पाच माणसांच्या किराण्याला, शाळेला, औषधाला साडेसहा हजार उरतात. हे चालणार नाही. दोन-तीन महिन्यांत व्याजाचे पैसे घ्यावे लागतील, आणि मग मोशीतल्या चांगल्या शेजाराचा काही उपयोग राहणार नाही. सहकाऱ्यांचा सल्ला प्रेमाचा असेल, पण त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरात दुसरा पगार येतो, हे विसरू नये.

म्हणून मी आपल्याला तिसरा पर्याय शोधायला सांगेन. धावडे वस्ती, गव्हाणे वस्ती, चक्रपाणी वसाहत या भागांत मालक स्वतः राहतो अशा दुमजली-तिमजली आरसीसी घरांत एक खोली आणि स्वयंपाकघर, आत शौचालय, स्वतंत्र मीटर, अशी जागा फिरून पाहिली तर साडेसात-आठ हजारांत मिळू शकते. ती आपल्या दोन खोल्यांपेक्षा लहान असेल आणि चाळीस टक्क्यांची मर्यादा थोडी ओलांडेल, तरी तो हजार-दीड हजाराचा फरक देण्यासारखा आहे, कारण तो संडासासाठी, मीटरसाठी आणि रात्री दाराला कुलूप लावणाऱ्या मालकासाठी दिलेला असतो. मोशीचे जादा साडेतीन हजार मुख्यतः पत्त्यासाठी जातात. बालाजीनगरच्या बाजूच्या खोल्यांत शौचालय आत असेल, मालक तिथेच राहत असेल आणि बुधवारच्या रात्री गल्ली ठीक वाटली, तर त्या घ्यायलाही माझी हरकत नाही. वस्तीच्या नावावरून मी त्या नाकारणार नाही.

घाई मात्र करू नये. तोपर्यंत आपण कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक खोलीत एका खाटेपुरते भाडे देऊन, राहावे, एखादी पूर्ण फेरी पाळ्यांची करावी, आणि खोली ठरल्यावर पत्नीला एक-दोन दिवस एकटीला आणून ती गल्ली दाखवावी, कारण तिथे दिवसाचे बारा तास तिला काढायचे आहेत आणि पाण्याच्या रांगेतल्या दोन बायकांशी बोलून तिला जे कळेल ते मला किंवा आपल्याला कळणार नाही. तिने होकार दिला तरच आई आणि मुलांची तिकिटे काढावीत. दिवाळीपर्यंत जमले नाही तर मे महिन्यात आणावे. मुलगी आठवीला नव्या शाळेत जूनमध्ये सर्वांबरोबरच बसेल.

करार करताना शेवटची एक अट पाहून घ्यावी. छापील मसुद्यात बहुधा सहा महिन्यांचा ‘लॉक-इन’ घातलेला असतो, म्हणजे त्याआधी खोली सोडली तर उरलेले भाडे द्यावे लागते. फिरती पाळी आणि नवी वस्ती असताना ही अट स्वीकारू नये. दोन्ही बाजूंनी एक महिन्याची सूचना, आणि खोली रिकामी करून किल्ली दिल्याच्या दिवशीच वीजबिल वजा करून डिपॉझिट खात्यावर परत, असे स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे आणि मसुदा वाचल्याशिवाय अंगठा देऊ नये.